इंजिनाचं झाकण मी घासलं त्याची गोष्ट

आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं, आमच्या ह्यांचा मोटरसायकलीवर फार जीव. तसं काही नाही हो. गाडी म्हणजे काय, लोखंड. ह्यांचा जीव अडकलेला तो जवळच्या इन्नंबूर गावात, थोरल्या भावापाशी.

भाऊजींना झटका आला. उजवं अंग गेलं, आणि कुणाला खोटं वाटेल, त्याबरोबर तमिळही गेली. जन्मभर बाजारात, शाळेत, देवळात बोलले ती भाषा पार पुसली. उरली ती घरातली मराठी, आमची जुनी तंजावरकडची, जी ऐकून पुण्याकडचे पाहुणे तोंडाला रुमाल लावतात. सांभाळायला बाई आहे, मायाळू आहे, पण तिला आमच्या भाषेतलं अक्षर कळत नाही. भाऊजींची बायको मागेच गेली, मूलबाळ नाही. एकदा त्यांना इथे कुंभकोणमला आणून पाहिलं, तर तिसऱ्या दिवशी जेवणच टाकलं. डॉक्टर म्हणाले होते, रोज कुणीतरी बोलत राहा, नाहीतर आहे तेही जाईल. ते कुणीतरी म्हणजे आमचे हे. रोज सकाळी गाडी काढायची, तासभर भावाशी बोलायचं, दोन घास भरवायचे, परत यायचं. बस आहे, पण ती स्वामिमलैपर्यंत. पुढचं चालणं ह्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही.

आणि गाडी तेल गळायला लागली. आधी अंगणात थेंब, मग वाटी ठेवावी लागली. एक दिवस वाटेतच इंजिन इतकं तापलं की धूर. मेकॅनिक म्हणाला, ठेवून जा, दहा दिवस लागतील. ह्यांनी त्याच्या पोराकडून गाडी ढकलवत परत आणली.

"दहा दिवस अण्णा कुणाशी बोलेल? इंजिनाच्या झाकणाखालचं पॅकिंगच बदलायचंय ना, मी घरी बदलतो."

"हात बघा आधी आपला," मी म्हटलं.

उजवा हात कापतो ह्यांचा. हँडल धरलं की थांबतो, पण बोल्ट भोकात घालायचा म्हटलं की सुरू.

"हात तुझे, डोकं माझं. तुझ्याजवळ जे कमी आहे ते मी घालतो."

"घाला घाला. आणि तेल पण घाला, निम्मं अंगणात गेलंय."

असं ठरलं. खाली परात ठेवून तेल काढलं. किक काढली, पाय ठेवायचा पायटा काढला. मग उजव्या बाजूच्या झाकणाचे बोल्ट. ते सगळे सारखे नसतात, कुणी लांब, कुणी आखूड. ह्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढायला लावलं, आणि जो बोल्ट जिथला तिथे भोक पाडून खोचायचा. मला मजा वाटली, खोटं कशाला सांगू. रांगोळीचे ठिपके मांडावेत तसंच ते.

झाकण निघालं. जुनं पॅकिंग म्हणजे कागदच, पण जळून कडेला असं चिकटलेलं की नख लागेना. ह्यांची पाठ भरून आली होती. म्हणाले, "रॉकेलमध्ये भिजव. मग ब्लेडनं हळू. घाई करू नकोस." आणि आडवे झाले.

शुक्रवार होता. समया घासायला काढलेल्या, चिंच भिजलेली, विटकरीची भुकटी चाळलेली. आता मला सांगा, पन्नास वर्षं मी शुक्रवारी समई घासते आहे, काजळ असो की तेलाचं किटण, चिंच आणि विटकरीपुढे टिकलेलं मी पाहिलं नाही. ब्लेडनं किती वेळ खरवडणार? आधी चिंच लावून भुकटीनं घासलं. थोडं राहिलं तर विटेचा तुकडाच घेतला. झाकणाची कड अशी लखलखली की त्यात तोंड दिसावं. मला वाटलं, हे उठून शाबासकी देतील.

उठले, झाकण हातात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला. नवं पॅकिंग तेलात बुडवून बसवलं, बोल्ट मी घातले, हे सांगतील तसे, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत. नवं तेल भरलं. किक मारली, गाडी सुरू झाली, आणि पाच मिनिटांत त्याच कडेनं तेल पाझरलं. आधीपेक्षा जास्त.

शेवटी मेकॅनिकला घरी बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, अंगठा फिरवला.

"साहेब, ही कड कुणी घासली? चरे पडलेत. आता कुठलंही पॅकिंग बसवा, गळणारच. नवं झाकण पाहिजे, आणि ह्या मॉडेलचं मिळत नाही."

हे म्हणाले, "माझ्याच हातानं झालं. हात कापतो ना."

पंधरा दिवस मी ते पोटात ठेवलं. एकदा सकाळी कॉफी देताना सांगूनच टाकलं.

"ठाऊक आहे मला. झाकणाला चिंचेचा वास येत होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून कड परत येणार होती?"

हे रागावले असते तर बरं झालं असतं.

आता ज्या दिवशी गुडघा बरा असेल त्या दिवशी हे बसनं जातात. आठवड्यातून दोनदा, कधी एकदाच. फोन करून पाहिला, बाईनं तो भाऊजींच्या कानाला लावला, पण फोनमधला आवाज भावाचा आहे हे त्यांना उमगतच नाही. ते तोंड फिरवतात. गाडी बंद पडल्यावर पहिल्या महिन्यात भाऊजींच्या तोंडी पाणी, ऊन, आई असे शब्द होते. मग नुसतं पाणी. बुधवारी हे परत आले, चपला काढल्या, पायरीवरच बसले.

"आज मी एकटाच बोललो," म्हणाले.

मी ताक आणून दिलं. "उद्या जाल?"

"जाईन की. गुडघा काय म्हणतो बघू."

गुडघा दुसऱ्या दिवशी नाही म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशीही.