चौथं तोंड

स्टुडिओत तिला सगळे तोंडवाली म्हणायचे. विनोदी कार्टून मालिकेतल्या पात्रांची बोलणारी तोंडं काढायची, हेच तिचं बारा वर्षांचं काम. अक्षरागणिक ओठांचा आकार बदलतो, म्हणून साध्या पात्रालाही नऊ तोंडं लागत. मालिकेतला मंत्री खऱ्या मंत्र्यावरूनच बेतलेला होता. त्याचं मात्र तिने तिनातच भागवलं: एक आश्वासन द्यायला, एक ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणायला आणि एक खायला. "चौथ्याची त्याची लायकी नाही," ती म्हणायची.

एके दिवशी खऱ्या मंत्र्याच्या सचिवाचा फोन आला. दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं. पण सचिव म्हणाला, "साहेब आवडीने बघतात. फक्त एखादं हसरं तोंड द्या."

दिग्दर्शकाने लगेच हो म्हटलं. तोंडवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसासाठी नवी रेघ कोण ओढणार? मालिकेत एक गाढव होतं. त्याचं हसू उचलून तिने मंत्र्याला चिकटवलं.

महिन्याभराने ती सासूबाईंबरोबर बातम्या बघत बसली होती. खऱ्या मंत्र्याने भाषण संपवलं, वरचा ओठ उचलला, सगळे दात दाखवले आणि मान तिरकी केली. थेट गाढव. पठ्ठ्याने आरशासमोर घोटून बसवलं होतं.

"किती निर्मळ हसतो गं," सासूबाई विरघळल्या. "या वेळी माझं मत यालाच."

उद्या कामावर गेल्यावर त्या गाढवाला तोंड कसं दाखवायचं, एवढंच तोंडवालीला कळेना.