काळी एकचा गळा

शिंप्याला जशी गावाची मापं ठाऊक असतात, तशा हणमंतराव पेटीवाल्यांना भजनातल्या सगळ्या बायांच्या पट्ट्या ठाऊक. पट्टी म्हणजे पेटीवरचा तो एक सूर, जिथं माणसाचा गळा आपला 'सा' धरून निवांत बसतो. वर चढायलाही जागा आणि खाली उतरायलाही. बायांचे गळे बहुतेक काळी चारला बसतात, कोवळ्या पोरींचे काळी पाचला. केवळाबाईंचा मात्र काळी एक. ती बाप्यांची पट्टी. म्हणून त्यांचा अभंग आला की हणमंतराव न विचारता बोट खाली सरकवायचे आणि शेजारची नागाबाई ठरल्यासारखं म्हणायची, "आला बाप्या, लुगडं नेसून."

केवळाबाई हसायच्या. त्यांच्या आईचाही गळा असाच होता. पण माहेर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, आई जाऊन तीस वर्षं झालेली. या गावात तो गळा कोणी ऐकला नव्हता.

सोमवारी सकाळी सून उज्वलानं चुलीपाशी खबर आणली. "आत्याबाई, लोह्याला हॉलंडची एक बाई आलीय म्हणं. दिसायला आपल्यासारखीच सावळी. ल्हानपणी तिकडं दत्तक गेलती. आईला हुडकून राहिली गावोगाव."

"नाव काय आईचं?"

"तेच तर न्हाई. कागदावर निस्तं लिवलंय, आई सतरा वर्साची, लग्न न झालेली, लोह्याकडली. अकराव्या दिवशी लेकरू संस्थेच्या ताब्यात दिलं. अन् लेकराच्या नावाच्या जागी रेघ."

तव्यावरची भाकरी करपली. केवळाबाईंनी ती उतरवली आणि स्वतःच्या ताटात घेतली.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी आईनं गावात सांगितलं होतं, केवळा लातूरला बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय. बहीण लातूरलाच होती, पण तिला बाळ नव्हतं. वडलांनी एसटी बदलत बदलत लांबच्या शहरातल्या संस्थेत नेऊन सोडलं आणि तीन महिन्यांनी आणायला आले. मधल्या काळातले अकरा दिवस केवळाबाईंनी ना आईला सांगितले, ना पुढं नवऱ्याला. नवरा भला माणूस होता, तोही न विचारताच गेला. त्या अकरा दिवसांत त्यांनी लेकराला छातीशी धरून नुसता सूर धरला होता. शब्द सुचत नव्हते. त्या खालच्या सुरानं लेकरू गप व्हायचं.

आता घरात नात मनिषाची सोयरीक चालली होती. रविवारी लातूरचे पाहुणे यायचे होते. अशा वेळी एखादा शब्द अंगणाबाहेर गेला तर काय होतं, हे साठ वर्षांच्या बाईला कोणी सांगायला नको. केवळाबाईंनी पाय मुरगळल्याचं सांगितलं आणि तीन दिवस उंबरा ओलांडला नाही.

गुरुवारी दुपारी उज्वलाच हट्टाला पेटली. "ती बाई आज आपलं भजन ऐकाया यायली. तिकडं शाळेत गाणंच शिकवती म्हणं. उद्या माघारी चालली. तुमच्याबिगर भजन व्हतंय का? चला, मी धरते."

उद्या माघारी चालली. केवळाबाईंनी लुगड्याचा पदर सारखा केला आणि निघाल्या. पाय दुखतोय हे वाटेत त्या विसरल्या, पण उज्वलाच्या ध्यानात आलं नाही.

मारुतीच्या देवळात बाई मांडी घालून बसली होती. नाव आनेके. तिच्या शेजारी हणमंतरावांची नात शिवानी, विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणारी. चार दिवस तीच दुभाषी झालेली. केवळाबाई खांबाच्या आडोशाला बसल्या. चेहऱ्याकडं बघायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, म्हणून त्यांनी आधी हात बघितले. मग न ठरवता सगळंच बघितलं.

हणमंतराव पाहुणीला पेटी दाखवत होते. "इच्यार गं शिवानी, ह्या पट्टीला तिकडं काय म्हणत्यात?"

शिवानीनं इंग्रजीत विचारलं. आनेके म्हणाली, "टोनहोख्ते." मग तिनं तळहात आडवा धरून हळूहळू वर नेला, लेकरू केवढं झालं ते दाखवावं तसा.

"टोन म्हंजे स्वर, होख्ते म्हंजे उंची," शिवानीनं सांगितलं. "स्वर किती उंचीवर हाय, ते. आपली पट्टी म्हंजे अगदी तेच न्हाई, पण तिला जवळचा शब्द त्योच वाटतो."

"मंग तिची उंची काढू की," हणमंतराव म्हणाले. "'सा' लाव म्हणावं."

त्यांनी काळी चार दाबली. आनेकेचा आवाज ताणला गेला. काळी तीन, काळी दोन, तरी तिच्या कपाळावरची आठी जाईना. हणमंतरावांनी बोट काळी एकवर नेलं आणि तिचा आवाज तिथं येऊन असा बसला, जसा दिवसभर उभा राहिलेला माणूस घरच्या ओट्यावर बसतो.

"अगं बया," नागाबाई म्हणाली, "केवळाबाईला जोडीदारीण गावली."

हणमंतराव भात्यावरचा हात थांबवून खांबाकडं बघत राहिले. "पस्तीस वर्सं पेटी वाजवून राहिलो. ह्या पट्टीची दुसरी बाई न्हाई बघितली."

साऱ्या बाया वळल्या. उज्वलाही वळली. केवळाबाईंनी टाळ उचलून मांडीवर घेतले.

"सर्दी झाली असंल तिला," त्या म्हणाल्या. "आपल्याकडची धूळ काय कमी हाय?"

बाया हसल्या आणि ते तेवढ्यावर गेलं. पण आनेकेला हसणं कळलं नव्हतं. तिनं शिवानीकडून विचारलं, या आजी माझ्यासंगं एकदा तो सूर लावतील का? तिनं आवाज टिपायला फोन मधे ठेवला. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

दोघींनी सा लावला. एक श्वास पुरला तेवढाच वेळ. कुठला आवाज कुणाचा हे हणमंतरावांनाही सांगता आलं नसतं. मग केवळाबाई थांबल्या आणि पदरात खोकल्या.

मग शिवानीनं त्या आईबद्दल चार दिवस विचारलेलंच पुन्हा विचारलं, एकेका बाईला. शेवटी खांबापाशी आली. "केवळाआजी, तुमच्या ऐकण्यात हाय का असं कोनी?"

"न्हाई, बाई."

आनेके हळू काहीतरी बोलली. शिवानी म्हणाली, "ती म्हणते, मला भेटायचं नसंल तर नसू द्या. पण नावाच्या जागी रेघ काहून? अकरा दिवस जवळ ठिवलं अन् साधं नाव बी न्हाई. येवढी नकोशी होते का?"



"तिला सांग," केवळाबाई म्हणाल्या, "आमच्यात बारसं बाराव्या दिवशी असतंय. त्याच्या आधी कोनी नाव ठेवत न्हाई, राजाघरचं लेकरू असू दे. बारावा दिस त्या पोरीच्या हाताला लागला न्हाई. नाव न्हाई म्हंजे माया न्हवती, असं न्हवं." आणि घाईनं पुढं म्हणाल्या, "आसंल असंच. मला काय ठाऊक."

शिवानीनं सांगितलं. आनेकेनं ते वहीत लिहून घेतलं. मग तिनं वाकून केवळाबाईंचे पाय शिवले, कुणीतरी शिकवलं असेल तसे, उलट्या हातानं. केवळाबाईंनी आशीर्वादाचा हात उचलला. तो तिच्या डोक्यावर राहिला.

देवळाच्या दारातून जाताना आनेकेला मान वाकवावी लागली. चांगली उंच होती. केवळाबाईंनी ती दिसेनाशी होईपर्यंत तिची उंची बघून घेतली.

रविवारी लातूरचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, सोयरीक जमली. मनिषानं आजीच्या गळ्यात हात टाकले.

पुढच्या गुरुवारी केवळाबाईंचा अभंग आला तसं हणमंतरावांनी न विचारता बोट खाली सरकवलं.

"आज चारात घ्या," केवळाबाई म्हणाल्या. "साऱ्या बायांसारखं."

"तुमाला चढायचं न्हाई ते."

"न्हाई चढलं तर गप बसीन."

हणमंतरावांनी काळी चार धरली. बाया गाऊ लागल्या. केवळाबाई पहिल्या ओळीला लागल्या, दुसरीला सुटल्या, आणि मग खांबाला टेकून नुसते टाळ वाजवत राहिल्या. नागाबाईनं दोनदा वळून बघितलं, पण बाप्याचं काही बोलली नाही.