नऊ दिस

सोनाआत्यानं नावानं हाक मारावी असं वाटत असेल, तर अंगावर काही देणं नसावं लागे. आमच्या कोळवणला भातलावणी सावडीनं होते. आज तुम्ही माझ्या खाचरात राबायचं, उद्या मी तुमच्या. कुणाचे किती दिवस फेडायचे राहिलेत हे आत्याच्या डोक्यात पक्कं असे, आणि तेच त्या माणसाचं नाव होई. "काय रं दोन दिस, कुटं निगालास?" असं ती भर रस्त्यात विचारी. एकदा तर पाटलांनाही तिनं "अर्धा दिस" म्हणून थांबवलं होतं.

मी पुण्याला कॉलेजात गेलो. आमच्या घरातला पहिलाच. वडील नव्हते. लोक आमच्या खाचरात येत, फेडीला आई एकटी जाई. माझ्या वाटचे दिवस राहून जात. पहिल्या वर्षी आत्यानं मला "तीन दिस" म्हटलं, दुसऱ्या वर्षी "सहा दिस". मला ती थट्टा वाटे. मी हसत असे.

तिसऱ्या वर्षी तिची गाठच पडली नाही. चौथ्या वर्षी आम्ही कॉलेजात राष्ट्रीय प्रश्नांचं अभ्यास मंडळ काढलं. देशावरच्या कर्जाची आम्हांला फार काळजी वाटे, विशेषतः चहा पिताना. खेडी जागी करायची ठरलं, आणि माझ्याजवळ एक खेडं होतंच. ऐन लावणीतल्या रविवारी आम्ही पाच जण तक्ते घेऊन एस.टी.नं उतरलो. खेडं पहाटेपासूनच जागं होतं. दुपारची भाकरी खायला ते चिखलाच्या पायांनी देवळात टेकलं होतं, तेवढ्यात आम्ही त्याला गाठलं.

आमचे चिटणीस सांगू लागले, की आज जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर देशाचं कर्ज आहे. ते कशापायी घेतलं, असं आत्यानं विचारलं. धरणांसाठी, कारखान्यांसाठी, असं ते म्हणाले.

"धरान ठावं हाय," आत्या म्हणाली. "आमची गावं बुडाली तवा दिवं लागलं. मुंबैला. बरं, फेडनार कोन?"

"पुढची पिढी," चिटणीस म्हणाले, आणि त्यांनी नेमका माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्यो? नऊ दिस?"

देवळात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"देसाचं फेड बाबा, कोन न्हाई म्हनतंय? पन आदी ह्या मान्सांचं फेड. न्हाईतर औंदा तुज्या आयच्या खाचरात कोन उतरनार न्हाई. रोप पिवळं पडाया लागलंय, बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. आईनंही कळवलं नव्हतं. ती खाली मान घालून बसली होती. मी हातातला तक्ता चिटणिसांकडे दिला.

मंडळ संध्याकाळच्या गाडीनं परतलं. 'ग्रामीण जनता राष्ट्रीय प्रश्नांबाबत उदासीन' असा अहवाल लिहिला गेला. एक सभासद परत आला नाही, याची त्यात नोंद नव्हती.

नऊ दिवस मी लोकांच्या खाचरांत वाकलो. माझी ओळ सगळ्यांच्या मागे, आणि वाकडी. "कालेजात वाकाया शिकवत न्हाईत व्हय?" आत्या विचारी. "मंग सायबाफुडं कसं करता?"

दहाव्या दिवशी न सांगता सगळे आमच्या खाचरात उतरले. रोप थकलं होतं, पण लागलं. त्या दिवसाचीही फेड करूनच मी पुण्याला निघालो.

आई एस.टी.पर्यंत आली होती. वाटेत आत्या भेटली. मला बघून हाक मारायला तिनं तोंड उघडलं, आणि ती थांबली. मग आईकडे वळली.

"ह्येचं नाव काय ठिवलं हुतंस गं, पारे?"