दोन पाटल्या आणि रात्रीची गाडी

ताटात लसणाची चटणी आली की ती तक्रार मला आजही आठवते, आणि तिच्याबरोबर माझी चूकही.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. दक्षिण कोलकात्यातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. इथल्या भाषेत ‘बडोबाबू’. जन्म याच शहरातला, त्यामुळे मराठी फक्त घरात बोलायची. एके सकाळी हजेरी आटोपत असताना समोरचा माणूस मराठीत “नमस्कार साहेब” म्हणाला आणि मी खूश होऊन त्याच्यासाठी लगेच चहा सांगितला. चूक तिथूनच सुरू झाली.

तक्रार त्याच्या आईच्या पाटल्यांची होती. आईवडील बालीगंजला राहणारे. वडील बँकेच्या बदलीवर आले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. दोघं अकरा जणांच्या लहानशा गटाबरोबर व्हिएतनामला गेले होते. त्या सहलीत दोन रात्री रेल्वेत काढायच्या होत्या. पहिल्याच रात्री, चार बर्थच्या केबिनमध्ये, आईंनी पाटल्या काढून पर्समध्ये ठेवल्या. सकाळी पर्स होती, पाटल्या नव्हत्या. मुलाचा संशय सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या मुलीवर होता.

घटना परदेशातली, म्हणून मी जनरल डायरीत नोंद घेऊन आधी चौकशी सुरू केली. दुपारीच फोन आला. नाव सांगायला तयार नाही, पण म्हणाला, “पहाटे ती मुलगी त्यांच्या केबिनमध्ये शिरली आणि तिने उशीजवळ हात नेला. मी समोरच्याच बर्थवर होतो.” निनावी फोन करणारी मंडळी अशी सहज स्वतःची ओळख देऊन बसतात.

मुलगी कोलकात्याजवळच्या बजबजची, पंचविशीतली. वडील पूर्वी तागाच्या गिरणीत होते. आता घर तिच्यावर चाललं होतं. चौकशी संपेपर्यंत सहलीच्या कंपनीने तिला कामावरून थांबवलं होतं, आणि पुढची सहल आठवड्यावर आली होती. महिलेचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मी तिला ठाण्यात बोलावलं, तेही दोन दिवस. लोकलने यायची आणि बाकावर बसून राहायची. महिला कॉन्स्टेबल शेजारी बसवली, एवढाच काय तो नियम मी पाळला.

“केबिनमध्ये का गेलीस?”

“उठवायला, सर. गाडी तिथे थोडाच वेळ थांबते. मेशोमशायना तयार व्हायला उशीर लागतो.”

बंगाली रीतीप्रमाणे ती त्या आजोबांना मेशोमशाय म्हणायची आणि आजींना मासीमा.

“आणि उशीजवळ हात कशाला नेलास?”

“ते दचकून उठले. आपण कुठे आहोत तेच त्यांना कळेना. म्हणून मी त्यांचा हात धरला.”

हाच प्रश्न मी तीनदा फिरवून विचारला. तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. पाठ करून आली आहे, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र तिचे डोळे भरून आले. “परत आल्यावर विमानतळावर मासीमांनी मला जवळ घेतलं. घरच्या चटणीचा डबा दिला. मग आता माझ्यावर हे का?”

मी पेन खाली ठेवलं. पाटल्या गेल्या पहिल्या रात्री, आणि विमानतळ म्हणजे सहलीचा शेवट. जिच्यावर चोरीचा संशय आहे तिला जवळ घेऊन कुणी चटणी देतं का? म्हणजे संशय मुलाचा होता, आईचा नव्हता. मी त्या बाईंचा नीट जबाबच घेतला नव्हता. ‘आपली माणसं’ म्हणून मुलाच्या तोंडून ऐकलं, तेवढ्यावर भागवलं.

संध्याकाळी बालीगंजला गेलो. मुलाच्या वडिलांना, म्हणजे काकांना, काहीही विचारलं की उत्तर काकू देत. एकाच्या वतीने दुसरा बोलू लागला की पहिल्याला एकट्याला गाठावं, हे मी तीस वर्षांत शिकलो होतो. काकूंना चहा टाकायला सांगितला आणि काकांशी बँकेच्या गप्पा सुरू केल्या.

“रात्रीच्या गाडीत तुम्ही दागिने कुठे ठेवायचा हो?”

काकांचा चेहरा उजळला. “चटणीच्या डब्यात! तिथे कोण हात घालणार? वरून चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर आडवी सही, तारखेसकट. बँकेत आम्ही सगळं तसंच सील करायचो.”

“व्हिएतनामला तसंच केलंत?”

“मी? मी कधी गेलो व्हिएतनामला?”

चहा घेऊन आलेल्या काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला.

“वर्षभर असंच चाललंय,” त्या म्हणाल्या. “मुलाला कळू दिलं नाही. सहलीच्या फॉर्मवर तब्येत उत्तम म्हणून लिहिलं. म्हटलं, यांना आठवतंय तोवर एकदा दोघं फिरून येऊ. पाटल्या यांनीच कुठेतरी ठेवल्या असणार, असं मला वाटतच होतं. पण मुलगा म्हणाला तिनं घेतल्या, आणि मी गप्प बसले.”

“आणि डबा?”

त्या खुर्चीत बसल्या. “तिलाच दिला हो. तेल गळू नये म्हणून हे कशालाही पट्टी लावतात, मला वाटलं तसंच असेल.”

चोरीचा माल आता त्या मुलीच्याच घरी होता. पट्टी उचकटलेली निघाली असती तर कागदावर तिला कुणी वाचवू शकलं नसतं, मीसुद्धा. काका-काकूंना जीपमध्ये घेऊन मी लगेच बजबजला निघालो.

डबा फळीवर होता. “दुर्गापूजेला सगळे जमतील तेव्हा उघडू म्हणून ठेवला,” मुलगी म्हणाली. पांढरी पट्टी झाकणाभोवती घट्ट होती आणि तिच्यावर सहलीतली तारीख आणि अखंड सही. पंचांसमोर पट्टी कापली. तांबड्या चटणीत, प्लास्टिकच्या पिशवीत दोन पाटल्या निघाल्या.

“सही माझीच आहे,” काका ऐटीत म्हणाले.

मी तिथूनच कंपनीला फोन लावून मुलगी निर्दोष असल्याचं कळवलं. तिची माफी मागितली, तिच्या वडिलांसमोर. काकूंनी हात जोडले, पण तिने तोंड फिरवलं. मला तिचं चुकलं असं वाटलं नाही. माझी भाषा बोलणाऱ्याला मी चहा पाजला होता आणि तिला बाकावर बसवलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

निघताना दूरवर लोकलचा भोंगा वाजला. खाटेवर बसलेले काका एकदम अस्वस्थ झाले आणि मोडक्या बंगालीत तिला म्हणाले, “गाडी आली का? मला वेळेवर उठवशील ना?”

ती परत वळली. मग त्यांच्यासमोर बसली आणि त्यांचा हात धरला.

“हॅं मेशोमशाय, आमि डेके देबो.” हो, मी उठवीन.

जबाबात तीन वेळा तिने मला हेच सांगितलं होतं.