तांडेलाच्या मचव्याचं कपाट

कपाटाच्या पाठीवरून हात फिरवला तर हात ओला झाला. वर छप्पर गळत नव्हतं. भिंत कोरडी होती. कपाट भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे ओढून ठेवलेलं. तरी फळ्यांना घाम फुटला होता.

"बग, मिस्त्री," मथुराबाई म्हणाल्या. "सकाळी पुसते, सांजच्याला परत तसंच. रडतंय ते. मेलेल्या मचव्याचं लाकूड घरात आनल्यावर दुसरं काय व्हनार?"

मी बोट जिभेला लावलं. "रडत नाही, बाई. मीठ आहे. खारट लागतंय."

"आसवं काय गोड असतात?" त्या म्हणाल्या.

मी त्या घरी गेलो होतो दार तासायला. पावसात दार फुगलं होतं, लागत नव्हतं. खरं तर ते आमचं काम नव्हे. आमचं काम बैलगाडीच्या चाकांचं. पनवेलचं चाक तेव्हा पार घाटावर जायचं आणि चाक करणारा सुतार खुर्ची-टेबल करणाऱ्याला सुतार म्हणत नसे. मी तर अजूनही म्हणत नाही. पण पावसाळ्यात चाकांची ऑर्डर नसते, आणि लॉऱ्या आल्यापासून एरवीही कमी झालेली. नवे पैसे यायच्या आधीची ही गोष्ट. म्हणून दार तासायला गेलो, आणि दार राहिलं बाजूला.

मथुराबाईंनी कपाट उघडून दाखवलं. आत सुनेची लग्नातली लुगडी. एकावर पांढरे डाग, गावाच्या नकाशासारखे. दुसऱ्यावर तांबूस वर्तुळं. ती खिळ्यांच्या गंजाची. बाहेरून केलेलं पॉलिश दुधासारखं पांढरं पडलेलं. चपडा म्हणजे लाख, ती स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, त्याला आम्ही स्पिरिट पॉलिश म्हणतो. दिसायला झकास. पण ओलीशी त्याचं वैर.

"उद्या हातगाडी सांगते आनि धाडते हिच्या बापाकडे," मथुराबाई म्हणाल्या. "त्याचं लाकूड त्याला लखलाभ."

सून यमुना चुलीशी बसली होती. वैशाखात लग्न होऊन आलेली पोर. तिचा नवरा भातगिरणीत होता. तो त्या वेळी घरात होता, पण आई बोलत असली की तो पायातली चप्पल शोधायला लागायचा.

मी दार तासून ओसरीवर तंबाखू मळत बसलो, तेव्हा यमुना पाणी घेऊन आली. तिने हळूच सगळं सांगितलं. तिचा बाप धर्मा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. त्याचा स्वतःचा मचवा होता, मोठी शिडाची होडी, पनवेल बंदरातून मुंबईला मीठ आणि तांदूळ न्यायचा. पुढे माल लॉरीने जायला लागला. मचवा चिखलात बसून राहिला. सरपणवाले मागायला आले, त्यांना याने हाकललं. मग मुलीचं लग्न ठरलं. पोरीला कपाट द्यायचं कबूल केलेलं. त्याने मचवा फोडला आणि त्याच्या सागवानी फळ्यांचं कपाट कुणा सुताराकडून घाईघाईत करून घेतलं.

"मिस्त्री, कपाट परत गेलं तर बाबा या घरात पुना पाय ठेवनार नाय," यमुना म्हणाली. "मी वळखते त्यांना. मलापन बोलावनार नाय. लाजंनं."

मी फुकटची हळहळ करणारा माणूस नाही. पण तो सागवान मी पाहिला होता. असा सागवान पुन्हा बाजारात येणार नव्हता, आणि कुणा अडाण्याने त्याची वाट लावली होती. मी आत गेलो.

"मथुराबाई, कपाट धाडू नका. मी दुरुस्त करतो."

"तू? तू तर चाकवाला."

"म्हणूनच करतो म्हणालो. पुढच्या पावसाळ्याआधी उभं करून देतो. घाम आला तर मीच फोडीन."

"गॅरंटी?"

"माझी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. पन पुढच्या पावसात बोट जरी वलं झालं ना, तर मी तुलाबी इचारनार नाय. न्हानीच्या चुलीत घालीन. दोन महिने आंगोळीला पानी तापंल."

आता ज्यांनी लाकडाला कधी हात लावलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिठाची बरणी पावसाळ्यात उघडी ठेवली तर मिठाला पाणी सुटतं. ते पाणी हवेतलं असतं. हा मचवा वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात, आणि वर पोटात मीठच भरलेलं. त्यामुळे मीठ फळीच्या आतपर्यंत मुरलं होतं. उन्हाळ्यात ते गप्प बसतं. पावसाळी हवा आली की फळी हवेतली ओल ओढते. वरून पॉलिश करा, रंग करा, काही उपयोग नाही. मीठ बाहेर काढलं पाहिजे.

ते कसं काढायचं हे मला चाकामुळे ठाऊक. चाकाचा मधला गट्टू, ज्यात आरे बसतात, त्याला तुंबा म्हणतात. तो बाभळीचा. ओली बाभूळ आम्ही तळ्यात बुडवून ठेवायचो. तिच्यातला रस पाण्यात निघून जातो, मग तिला कीड लागत नाही. रस निघतो तर मीठ का निघणार नाही?

कपाट शेडमध्ये आणून मी मोकळं केलं. आधी खिळे. त्या सुताराने होडीचे जुने खिळे वरून कापून टाकले होते, टोकं आतच. रंध्याच्या पात्याला एकेक दात पडत गेला. मग रंधा ठेवला आणि वाकस, म्हणजे तासणी, घेतला, छिन्नीने टोकं उकरली. फळ्यांच्या आतल्या अंगाला माशाच्या तेलाची जाड साल होती, मचव्याला लावतात ती. ती तासल्याशिवाय पाणी आत शिरलं नसतं. मग फळ्या गाडीवर टाकून वडाळे तळ्यावर नेल्या. काठाजवळ पाण्यात घातल्या आणि वर दगड ठेवले.

ही बातमी खाडीपलीकडे, यमुनाच्या माहेरी, कशी गेली मला माहीत नाही. पण एका सकाळी धर्मा तांडेल तळ्याच्या काठावर उभा. उंच, काळा, डोक्याला लाल टोपी, छत्री मिटलेली आणि अंगावर पाऊस. मी फळ्या बघायला आलो होतो.

"तू मिस्त्री?"

"मी."

"माज्या मचव्याला गोड्या पान्यात घातलास?"

"घातला."

"अरं, गोडं पानी म्हंजे मरान लाकडाचं! आमी पावसात मचवा वर वढून शाकारतो, शाकारतो! पावसाचं टिपूस पडू देत नाय त्याच्यावर! आनि तू तळ्यात कुजवतोस? माजा बाप हाय त्याच्यात, माजं आयुष्य हाय!"

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. होडीला खारं पाणी राखतं आणि पावसाचं पाणी कुजवतं. हे मीही ऐकून होतो. पण मी मागे हटणारा नव्हतो.

"तांडेल, तो मचवा पाण्यावर होता तोवर तुमचं खरं. आता ते कपाट आहे. घरात राहायचंय त्याला."

"कपाट!" तो थुंकला. "घेऊन जातो मी."

छत्री टाकली आणि तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. दगड बाजूला सारून एक फळी उचलली. मीही उतरलो आणि दुसरं टोक धरलं. तो ओढतोय, मी ओढतोय. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. एकजण म्हणाली, "दोगं रेडं पान्यात उतरलं गो!" सगळ्या हसल्या.

त्या बायकांमध्ये यमुना होती. ती धुण्याची पाटी तशीच ठेवून पुढे आली.

"बाबा, सोडा ती फळी."

"बाय, तू घरी जा. यो मानूस आपला मचवा कुजवतोय."

"कुजू दे. बाबा, त्या घरात मला ऱ्हायचंय. मचव्याला नाय."

तांडेल तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोक सोडलं. मी सोडलं नव्हतं, म्हणून मी फळीसकट मागे बसलो. बायका पुन्हा हसल्या. त्यांना हसू दिलं.

मला वाटलं, आता हा जाईल. तो गेला नाही. पाण्यात हात घालून चाचपत राहिला आणि म्हणाला, "दगड कोनी ठेवलं असं? मंदी भार दिलास तर फळी वाकंल. टोकांना दे. आनि दोन फळ्यांमंदी बोटभर पट्टी घाल, पानी फिरंल."

पाण्यात लाकूड कसं ठेवावं हे त्याला ठाऊक होतं. मला तुंब्यांचं माहीत, फळ्यांचं नव्हे. मी तसं बोललो नाही, पण पट्ट्या घातल्या. सगळ्या फळ्या त्याने स्वतः लावल्या. मग छत्री उचलून, न उघडता, बंदराकडे निघून गेला.

दिवाळी झाल्यावर फळ्या काढल्या आणि शेडमध्ये सावलीत उभ्या केल्या. उन्हात वाळवल्या तर तडकतात. थंडीत रोज सकाळी बघायचो, पांढरी पूड वर येते का. सुरुवातीला थोडी आली, ती ओल्या फडक्याने पुसली. नंतर यायची थांबली. मी दर फळीला जीभ लावून पाहिलं. माझी बायको म्हणायची, "अहो, लोक बघतायत." बघोत.

दोन फळ्या तरीही फुटल्या. म्हणजे कपाट आधीपेक्षा अरुंद होणार. आणि दुसरी अडचण बाकाची. मचव्याच्या पोटाच्या फळ्या वाकलेल्या असतात. त्या सुताराने त्या स्क्रूने दाबून सरळ केल्या होत्या. दाबलेलं लाकूड संधी मिळाली की उलटतं, म्हणून सगळे सांधे उघडले होते. मी बाक तसाच ठेवला. बाक सांभाळूनच तर आम्ही चाक करतो. दारांच्या फळ्या बाहेरच्या बाजूला गोल ठेवल्या, वरची-खालची पट्टी त्याच गोलाईत कापली. लोखंडाचा एक खिळा नाही. लाकडी खुंट्या आणि बिजागऱ्यांना तेवढे पितळी स्क्रू. पॉलिशच्या जागी जवसाचं तेल चोळलं. त्याला चकाकी नसते, पण ते लाकडात मुरतं.

अक्षय तृतीयेच्या सुमारास कपाट घरी पोचवलं. मथुराबाईंनी चारही बाजूंनी फिरून पाहिलं.

"ह्ये काय केलंस, मिस्त्री? कपाट पोटुशी केलंस?"

"घरात शकुन आहे असं समजा."

"शकुन म्हने," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला. यमुना आत पळाली. नवरा चप्पल शोधायला लागला.

जाताना यमुनाच्या सांगण्यावरून मी दाराला पितळी कुलूप बसवलं. बाजारात मिळालं ते एकाच किल्लीचं होतं. किल्ली तिच्या हातात दिली.

पाऊस सुरू झाला. मथुराबाई सकाळ-संध्याकाळ कपाटावर हात फिरवून बघायच्या, हे मला शेजाऱ्यांकडून कळायचं. मृग गेला. आर्द्रा गेली. न्हाणीची चूल गोवऱ्यांवरच चालू राहिली. श्रावणात मी मुद्दाम त्या बाजूने गेलो. आत जाऊन पाठीवरून हात फिरवला. कोरडा. उघडून बघतो म्हटलं तर कपाटाला कुलूप.

"थांब," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी कमरेची पिशवी काढली. किल्ली तिथे होती.

आत वरच्या खणात त्यांची लुगडी. मधल्या खणात त्यांचे चांदीचे वाळे, देवाची भांडी. खालच्या खणात पापडाचा डबा.

"पापडसुदा मऊ पडला नाय बग," त्या म्हणाल्या. "असं कपाट आख्ख्या आळीत नाय. मी कोनाला हात लावू देत नाय."

यमुनाचे कपडे दाराआडच्या पत्र्याच्या ट्रंकेत होते. तिने मला चहा दिला. मी निघताना ती एवढंच म्हणाली, "गौरीला बाबा येनार हायत."

गौरी आल्या त्या दिवशी धर्मा तांडेल मला बाजारात भेटला. टोपलीत सुकी मासळी घेऊन उभा होता.

"हाय का घरात?"

"आहे."

"कोरडं?"

"पापड मऊ पडत नाही."

तो हसला. त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं. मूठभर सुकट माझ्या धोतराच्या सोग्यात टाकली आणि लेकीकडे निघाला.

होडीचं लाकूड घरात वापरायचं असेल तर आधी ते पावसाळाभर गोड्या पाण्यात ठेवा, सावलीत वाळवा, आणि त्याचा बाक मोडू नका. लोखंडी खिळा मारू नका. हे मला आधीही ठाऊक होतं. त्या कामात नवीन शिकलो ते एवढंच, की कपाटाला कुलूप बसवायचं तर दोन किल्ल्यांचं घ्यावं. तेव्हापासून मी एका किल्लीचं कुलूप कुणाला बसवून दिलं नाही.