पहिल्या दोघींचं पाणी

ताईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं. उमेळ्याहून रिक्षाने जायचं आणि चार तास यंत्राशेजारी बसायचं. वेळ जावा म्हणून मी वाचनालयातून तुर्की परीकथांचं एक जुनं भाषांतर आणलं होतं. त्यातलं तिला वाचून दाखवायचे.

एक गोष्ट तीन महाळुंगांची होती. राजपुत्र पहिलं फळ कापतो. आतून मंतरलेली मुलगी बाहेर येते आणि पाणी मागते. त्याच्याजवळ पाणी नसतं, ती तिथेच मरते. दुसरीचंही तेच. तिसरं फळ तो झऱ्याकाठी कापतो, आणि पुढची सगळी गोष्ट तिसरीची.

ताईला दिवसाला पाऊण लिटर पाण्याची परवानगी होती, चहा धरून. वाचता वाचता ते माझ्या लक्षात आलं आणि मी थांबले.

"थांबलीस कशाला?" ती म्हणाली. "त्या पोरींचंही डायलिसिस चालू असेल. राजपुत्र डॉक्टरला विचारून आला असणार."

शेजारच्या खाटेवरचे आजोबा हसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पंडितबाई, पहिल्या दोघींचं पुढे कोणी काहीच करत नाही का गं? दहावं, तेरावं?"

"पुस्तकात तरी नाही."

"मग तू लिही."

लिहीन म्हटलं. लिहिलं नाही.

पुढे डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाण्याचा नियमही त्याबरोबर संपला, हे कोणी बोललं नाही, आणि मी तो पाळत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं. त्या दिवसाचं माप संपलं होतं. मी ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले.

"वाटीभर दे गं," ती म्हणाली. मी दिलं नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी ती गेली.

आईने देवघरातल्या गंगाजलाच्या गडूचं झाकण फोडलं आणि पळी माझ्या हातात दिली. "आता तरी दे," एवढंच म्हणाली. पाणी आत गेलं नाही, ओठांच्या कडेने उशीवर उतरलं.

तेराव्यानंतर मी ती गोष्ट लिहायला घेतली. माझ्या गोष्टीत राजपुत्राजवळ भरलेली सुरई आहे. द्यायचं नाही, असं त्याला सांगितलेलं आहे. आई ओटीवर केळीच्या पानात बाजारात विकायचे चाफ्याचे वाटे बांधत होती. तिने वाचायला सांगितलं. ऐकताना तिचे हात चालूच होते.

"मग दिलं का त्याने?"

"नाही."

"खोटंच तर लिहायचंय. दे म्हणावं त्याला."

आत जाऊन मी तसं लिहिलं. तो सुरई पुढे करतो, ती पोटभर पिते. दोनदा वाचलं आणि खोडलं. रात्री जेवताना आईने विचारलं, तेव्हा त्याने दिलं म्हणून सांगितलं.