पोपटी साडीची हळद

“ताई, बाबा सकालपासना घरी न्हाईत. त्यांचा फोटू द्या, कुठलाबी!” नीलेश दारातूनच ओरडला. मागून त्याची बायको वनिता आली, दम लागलेली.

माझा फोटो स्टुडिओ अलिबाग-पेण रस्त्यावर आहे. पंचक्रोशीतल्या हळदी आणि लग्नांचे फोटो मी काढते. नीलेश ट्रेलर चालवतो, ओळखीचा आहे. त्याच्या वडिलांना, बाळारामकाकांना, हल्ली विसरायला होतं. घरातल्यांनाच ‘तू कोन?’ विचारतात. वर साखर आहे. सकाळचं इन्सुलिन न घेताच ते पहाटे बाहेर पडले होते आणि आता दुपार व्हायला आली होती.

“घरात एक फोटो नाही तुमच्या?”

“आधारचाच हाय. सगल्या ग्रुपवर टाकला.”

त्याने मोबाईल पुढे केला. जाड मिशा, गुबगुबीत गाल. काकांना मी हल्लीच बाजारात पाहिलं होतं. मिशी गेलेली, गालफडं बसलेली. हा फोटो बघून त्यांना कोण ओळखणार, कपाळ! बाकीच्या फोटोंत नुसता पंजा. कॅमेरा दिसला की काका तोंडापुढे हात धरायचे.

“माज्या मावसभावाच्या हळदीला तुमीच व्हतात ना? तवा बाबांनी मिशी काढलेली व्हती.”

“कुठला मावसभाऊ?”

“म्हात्रे.”

आता बोला! आमच्याकडे अर्धं गाव म्हात्रे, उरलेलं पाटील. गिऱ्हाईक नुसतं आडनाव सांगतं, म्हणून फोल्डरलाही मी तेच नाव देते. हार्ड डिस्कवर ‘म्हात्रे हळद’ इतक्या की स्क्रोल करता करता बोट दुखावं. तारीख नीलेशला आठवेना. मावसभाऊ बोटीवर नोकरीला, त्याचा फोन लागेना. मावशीला विचारलं तर म्हणाली, “शिमग्याच्या आधी.” वर्ष तिलाही आठवेना.

मग मी फेस सर्च लावला. म्हणजे सॉफ्टवेअरला एक चेहरा दाखवायचा, त्याच्यासारखे चेहरे ते गोळा करून आणतं. आधारचा फोटो दिला. त्याने पंचक्रोशीतले सगळे मिशीवाले काका आणून बसवले. त्यात बाळारामकाका नाहीत. आणि आमच्या हळदीत चेहरा राहतो तरी कोणाचा? कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळा.

“जाऊ द्या ताई, मी परत बाजारात बघून येतो.” नीलेश उठला.

“बस खाली! डिस्क माझी आहे, फोटो सापडणार कसा नाही?” मी खेकसले. खरं तर मलाच धडकी भरली होती.

तेवढ्यात वनिता म्हणाली, “ताई, आमची पोपटी साडी व्हती. रानी काठाची.”

मी माऊस परत हातात घेतला. आमच्या हळदीला नात्यातल्या सगळ्या बायका एकाच रंगाची साडी नेसतात, दुकानातून एकदमच आणतात. वर्ष विसरतील, रंग कधी विसरायच्या नाहीत. आणि मी मूर्खासारखी आडनाव शोधत बसले होते.

सगळ्या हळदींचे फोटो एकत्र उघडले. थंबनेल, म्हणजे पडद्यावर दिसणारे छोटे फोटो, शेंगदाण्याएवढे केले. माणसं दिसेनाशी झाली, रंग तेवढे उरले. जांभळा सरकला, मग केशरी, मग मोरपिशी.

“थांबा!” वनिता ओरडली. पडदा पोपटी झाला होता.

आत फोटोंचा हा ढीग. पुरुष सगळे पांढऱ्या कुर्त्यात, तोंडं पिवळी.

“स्टेजकडं नका बघू,” वनिता म्हणाली. “बाबा मटनाच्या टोपाकडं असतील. हळदीत दुसरीकडं जातच न्हाईत.”

जेवणाकडे मी एक फेरी मारतेच. तिथे सापडले काका. एका हातात डाव, दुसऱ्यात ताट, मग तोंड झाकणार कशाने? समोरून, हसरे, गालाला हळदीचं बोटही नाही. नीलेशला हुंदका आला.

“नंतर रड. आधी पाठव.”

मी चेहरा मोठा केला, उजेड वाढवला, खाली नीलेशचा नंबर टाकला. फोटो ग्रुपवर गेला. नीलेश आणि मी फोनकडे बघत बसलो. वनिताने डोळे मिटून हात जोडले होते.

फोन आला तो रेवसच्या जेट्टीवरून. चहावाला होता.

“दादा, हे बाबा इथंच बाकड्यावर बसलेत. लाँचनं मुंबईला, भाऊच्या धक्क्याला ड्युटीवर जायचंय म्हनतात. तिकिटाला पैसे न्हाईत.”

धक्क्यावरची नोकरी सुटून काकांना कित्येक वर्षं झाली होती.

मी नीलेशच्या हातातून फोन ओढला. “सकाळपासून तिथेच आहेत?”

“व्हय. तुमचा तो पयला फोटू मला सकालीच आला व्हता. मी ह्यांनाच दाखवला. म्हटलं, बाबा, ह्या मानसाला कुठं बघितलंत काय? ते म्हनले, न्हाय.”

नीलेशने त्यांना तिथून थेट डॉक्टरकडे नेलं. साखर चढली होती, पण माणूस शाबूत होता.

तेव्हापासून हळदीच्या फोल्डरला मी साडीचा रंग लिहिते. आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना बजावते, दर सणाला त्यांचा एक फोटो काढा, समोरून, स्वच्छ उजेडात. आधारचा फोटो सरकारला चालतो. माणूस शोधायला चालत नाही.